छातीवरची काळी पट्टी

जळगाव
१६ फेब्रुवारी २०२५

हितू,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दोन वर्षं होऊन गेली. पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. माझं अक्षर बघूनच पाकीट फाडून टाकावंसं वाटलं असेल. पण थोडा दम धर. शिव्या दे, पण आधी पुरतं वाच.

माफी मागायला लिहीत नाही. तीही मागायची आहे, पण तिचा नंबर नंतर. आत्ताचं काम वेगळं आहे. तुला धुळ्याला एका डॉक्टरांना दाखवायचं आहे. सांध्यांच्या सुजेचे डॉक्टर आहेत, नाशिकहून दर बुधवारी येतात. पत्ता आणि वेळ कागदाच्या मागे लिहिली आहे. शिरपूरहून सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारच्या ड्युटीला परत कॉलेजच्या गेटवर पहाऱ्याला उभा राहशील.

आता हे मधेच का काढलं ते सांगते. मंगळवारी आमच्या सेंटरला हमीदाबी नावाच्या बाई आल्या. धुळ्याच्या आहेत, गोधड्या शिवतात, वय असेल पस्तीस. याच डॉक्टरांनी पाठवलं होतं. चिठ्ठीवर पाठीच्या कण्याचा एमआरआय लिहिला होता आणि खाली लाल पेनने एक ओळ होती: छातीच्या पुढच्या भागावर पट्टी टाकू नये, छातीचं मधलं हाड दिसलं पाहिजे. दहा वर्षं मी हे मशीन चालवते आहे, अशी सूचना मला कोणी केली नव्हती. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनीही चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "भाविका, ते म्हणताहेत तसं कर."

टेबलावर चढताना बाईंना शिंक आली. त्यांनी काय करावं? दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, मान छातीत घातली आणि शिंक आतल्या आत दाबायला बघितली. ती काही दाबली गेली नाही. डोळे पुसत मला म्हणाल्या, "छींक आती तो जान निकलती, मॅडम. और घर में सब हसते."

हितू, तू दाराची चौकट धरून शिंकायचास. आपल्या घरातही सगळे हसायचे. आबा कापड कापता कापता ओरडायचे, "दार पाडशी रे!" आणि मी? मी तर तुझी नक्कल करून दाखवायचे, शेजारपाजारच्यांना बोलावून.

बाईंची चित्रं आली. गळ्याच्या खळगीपासून तीन-चार बोटं खाली हात लाव, एक आडवा उंचवटा लागेल. तिथे छातीच्या हाडात एक सांधा असतो. बाईंचा तो सांधा पांढराफटक दिसत होता. त्या चित्रांत सूज पांढरी दिसते. मागे बरगड्या मणक्यांना जिथे जोडलेल्या असतात तिथेही तेच. सर म्हणाले, हा असा आजार आहे की शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. तरुणपणी सुरू होतो. पहाटे दुखणं जास्त, पडून राहिलं की वाढतं, हिंडलं-फिरलं की कमी होतं. कधी कधी एक डोळा लाल होतो. वर्षानुवर्षं औषध मिळालं नाही तर सांधे एकमेकांना जुळून जातात, माणूस ताठ होतो. बरगड्या हलेनाशा होतात, छाती फुगत नाही.

"छाती फुगत नाही" हे सर सहज म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं बघायला गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले.

तुझं सगळं जुळतं. पहाटे उठून अंगणात घातलेल्या फेऱ्या, डोळे आले म्हणून आबांनी आणलेला काळा चष्मा. सगळं. आमच्याकडे झालेला तुझा त्या वेळचा एमआरआय नॉर्मल होता हे खरं आहे, पण आमच्या तेव्हाच्या पद्धतीत छातीचा भाग येतच नव्हता. त्यात तुझी चूक नव्हती. तशी कोणाचीच नव्हती.

बुधवारी जा. उशीर झाला तर गेलेलं परत आणता येत नाही, असं सर म्हणाले. मला भीती वाटते आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

अक्का


जळगाव
२ मार्च २०२५

हितू,

दोन बुधवार गेले. तू गेला नाहीस हे मला माहीत आहे, कारण काल बादलचा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस. माझा नंबर त्याने पाकिटाच्या मागून घेतला. मी सावधगिरी म्हणून तिथे लिहूनच ठेवला होता.

"ताई, मी बादल. हितूभाऊसंगे कॉलेजच्या गेटवर ऱ्हास," असं म्हणाला. माझं पत्र तू दोनदा वाचून गादीखाली ठेवलंस, असं त्याने सांगितलं. डावा डोळा पुन्हा लाल झाला आहे आणि उन्हाकडे बघवत नाही, हेही सांगितलं. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, त्याच्या गावाकडे डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा आहे, तो बरगड्या बसवतो. माणसाला पालथं झोपवतो आणि पाठीवर गुडघा ठेवून दाबतो. "कडकड आवाज येस, ताई, मग मोकळं वाटस." येत्या रविवारी तुला तिकडे नेणार होता.

मी त्याला फोनवरच झापलं. बिचारा घाबरला. त्याचं मन चांगलं आहे, पण हितू, तुझ्या पाठीवर कोणाला गुडघा ठेवू देऊ नकोस. सुजलेल्या, ताठ होत चाललेल्या कण्यावर असा जोर दिला तर मणका मोडू शकतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही, सरांना विचारून लिहिते आहे.

तू डॉक्टरकडे का गेला नाहीस याचा मी खूप विचार केला. तुला माझं खरं वाटलं नसणार. का वाटावं? एकदा माझ्यावर विश्वास ठेवून त्या नळीत झोपला होतास. तर आता मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. "पद्धतीत छातीचा भाग येत नव्हता" असं मी लिहिलं होतं, ते अर्धंच खरं आहे.

कण्याचं चित्र घेताना माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होते, आणि त्या हालचालीचे फराटे कण्याच्या चित्रावर उमटतात. म्हणून आम्ही स्क्रीनवर छातीच्या पुढच्या बाजूला एक पट्टी आखतो. त्या पट्टीखाली जे येईल ते मशीन काळं करून टाकतं. छातीच गायब केली की फराटे येत नाहीत, कणा स्वच्छ दिसतो. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. डिस्क सरकली असेल, हाड मोडलं असेल, तर ते बरोबरही आहे. पण ती पट्टी आपोआप पडत नाही. कोणाच्या तरी हाताने पडते. तुझ्या वेळी तो हात माझा होता.

काल मी तुझी जुनी तपासणी उघडली. हितेंद्र रुपचंद शिंपी, वय चोवीस, नोव्हेंबर २०२२. तुला आठवतं का, तू आत भराभर श्वास घेत होतास? छोटे छोटे, तुटक. मी माइकवरून म्हणत होते, "हळू श्वास घे रे, चित्रं हलताहेत." तू म्हणालास, "अक्का, येत नही." मला वाटलं घाबरला आहेस. मी पट्टी दुप्पट रुंद केली. बाजूचे काप, म्हणजे एकेका थराची चित्रं, पण कमी घेतले, लवकर आटोपावं म्हणून. बाहेर चार पेशंट बसले होते. चित्रं इतकी सुरेख आली की मी स्वतःवर खूश होते. काल तीच चित्रं बघितली तर कण्यापुढे, गळ्यापासून पोटापर्यंत नुसतं काळं. तुझी छातीच नाही त्यात. बरगड्यांचे सांधे जिथे दिसायला हवेत तिथपर्यंत काप पोचलेच नाहीत.

मी ती चित्रं सरांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली. मग विचारलं, "छातीत दुखतं असं कळलं असतं तर मी पट्टी काढून पुन्हा घ्यायला लावलं असतं. कमरेचे सांधेही बघितले असते. हिस्टरी कोणी लिहिली होती?"

मी म्हटलं, जुनी फाईल बघून सांगते.

एवढं आज पुरे. बुधवारी जा. माझ्यासाठी नको जाऊस, डोळ्यासाठी जा.

अक्का


जळगाव
१६ मार्च २०२५

हितू,

फाईल बघायची काहीच गरज नव्हती. हिस्टरीची चिठ्ठी मीच लिहिली होती.

पेशंट आत जाण्याआधी आम्ही एक फॉर्म भरतो. काय होतं, कुठे दुखतं, कधीपासून. त्यावरून सर ठरवतात की कुठे बघायचं. तो कागद नसेल तर सर आंधळे, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिकाऊ मुलींना मीच दरडावून सांगते, हिस्टरी नीट विचारा. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या फॉर्मवर मी लिहिलं: "मैदानावर पडल्याने पाठदुखी. छातीत दुखत नाही."

तू कुठे पडला होतास? कुठेच नाही. तू मला सगळं सांगितलं होतंस. सेंटरबाहेरच्या टपरीवर चहा पिताना शर्टाचं दुसरं बटण काढून बोट ठेवून दाखवलं होतंस, इथे दुखतं, पहाटे चारला जाग येते, कुशीवर वळता येत नाही. मी ऐकत होते आणि डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. दीड-दोन महिन्यांवर पोलीस भरती. छातीचं दुखणं कागदावर आलं तर उद्या मेडिकलला कोणीतरी ते बाहेर काढेल आणि पोरगा बाद होईल. काही निघालं नाही तर उत्तमच, आणि निघायलाच नको. मला "नॉर्मल" हवं होतं, हितू. मी नॉर्मलच मागितलं आणि मशीनने तेच दिलं.

आई गेली तेव्हा तू आठवीत होतास. तुझा डबा, तुझी फी, तुझे बूट, सगळं मी बघितलं. तुझ्या अंगावर खाकी बघायची मला आबांपेक्षा जास्त घाई झाली होती. हे कारण म्हणून सांगते आहे. माफी हवी म्हणून नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. जानेवारीत तू जळगावच्या मैदानावरून पाचोऱ्याला घरी परत आलास. उंची झाली. छाती न फुगवता ब्याऐंशी, फुगवून साडेचौऱ्याऐंशी. पाच सेंटिमीटर फुगायला हवी होती, तुझी अडीच फुगली. पळायची वेळच आली नाही, पहिल्याच टेबलावर तुला बाजूला काढलं. सोळाशे मीटर तू आपल्या गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या पुढे पळत होतास.

आबांनी दुकानातल्या टेबलावरची टेप उचलली आणि तुझ्या छातीभोवती लावली. "भर. दम भर. आखो भर." तू भरत होतास. तोंड लाल झालं होतं. मी तिथे दाराशी उभी होते, रविवारची आले होते. आबा म्हणाले, "मुद्दाम करस हा. मेहनत नको याले. पोऱ्या दम चोरस." तू माझ्याकडे बघितलंस. एवढंच म्हणालास, "अक्का, सांग ना त्यासले, माले दुखस."

आणि मी म्हटलं, "आबा, त्याले काही व्हयेल नही. मशीनमा बठ्ठं नॉर्मल ऊनं. मशीन खोटं बोलत नही."

त्या वेळी माझी आधीच चूक झालेली होती, पण ती कळलेली नव्हती असं म्हणता येईल. नाही म्हणता येणार. पट्टीचं कळलं नव्हतं. चिठ्ठीचं मला माहीत होतं. मशीनला मी काय विचारलं आणि काय लपवलं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि तरीही मी ते वाक्य बोलले. तू दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघून गेलास. आबांनी तुझ्या वर्दीसाठी जपून ठेवलेली खाकी काढली आणि तिची शिवणयंत्राला खोळ शिवली. आजही ती खोळ तिथेच आहे. मी दर रविवारी बघते.

सोबत एक वेगळा कागद ठेवला आहे. तो तुझ्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी आहे. त्यावर तेव्हा लिहायला हवं होतं ते सगळं आहे. हितेंद्र शिंपी, आता वय सव्वीस. बाविसाव्या वर्षापासून छातीच्या मधल्या हाडात दुखतं. शिंकताना, खोकताना कळ येते. पहाटे जाग येते, हिंडल्यावर बरं वाटतं. कंबर सकाळी तासभर आखडलेली असते. डावा डोळा लाल होणं, आता बहुतेक तिसऱ्यांदा. छातीचा फुगवटा अडीच. आधीची तपासणी अपुरी, छातीवर पट्टी होती, हिस्टरी चुकीची लिहिली गेली. खाली मी सही केली आहे आणि हुद्दा लिहिला आहे. ती सही केल्यावर सरांकडे गेले आणि त्यांनाही सांगितलं. ते खूप चिडले. नोकरी राहील की नाही ते महिनाअखेर कळेल. ते जाऊ दे.

बादलला सांगितलं आहे, त्या म्हाताऱ्याकडे हितूला नेलंस तर मी शिरपूरला येऊन तुझ्याच पाठीवर गुडघा ठेवीन.

अक्का


पाचोरा
१३ एप्रिल २०२५

हितू,

तुझा निरोप बादलने पोचवला होता. "ताई, तो म्हनस, आबाले सांग पहिले. मग जाईन." हा निरोप मला मार्चच्या अठ्ठावीस तारखेला मिळाला. त्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी मी पाचोऱ्याला आले, भाजी निवडली, आबांच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या आणि न सांगता परत गेले. परक्या डॉक्टरांसाठी कागदावर सही करणं सोपं होतं. सरांकडून बोलून घेणंही सोपं होतं. आबांसमोर बसल्यावर मी भाजीच्या भावाचंच बोलायचे. तुझा डोळा तिकडे लाल आणि मी इकडे मेथी निवडते आहे. मला माझीच लाज वाटली.

आज सांगितलं. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. आबा शाळेच्या शर्टांना काजं करत होते. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आबा, हितूनं खरं व्हतं. त्याले दुखे. मी चिठ्ठीवर खोटं लिखं व्हतं."

त्यांना पहिल्यांदा काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पट्टी कशी टाकतात ते टेबलावर खडूने काढून दाखवलं. माणसाची बाजूने आकृती काढली, कणा काढला, छाती काढली आणि छातीवर खडू आडवा फिरवला. म्हटलं, हे मी पुसून टाकलं होतं, म्हणून मशीनला दिसलं नाही. चिठ्ठीत काय लिहिलं तेही सांगितलं, का लिहिलं तेही. आबा त्या आकृतीकडे बघत राहिले. सुई हातात तशीच होती.

मला वाटलं ओरडतील. मला ते हवंही होतं. ते हळूच म्हणाले, "म्हंजे टेप खरी व्हती?"

"टेप खरी व्हती, आबा."

"भरतीना पहिले रोज सकाळले मीच माप लेवू. अडीच. आज बी अडीच, उद्या बी अडीच." सुई शर्टात टोचून ठेवली. "चाळीस वरीस व्हयनात माले मापं लेता लेता. गिऱ्हाईक पोट आत वढस, ते बी माले समजस. आनि घरना पोऱ्या..."

 मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तूच तं बोलनी व्हती, मशीन खोटं बोलत नही."

"हो आबा. मीच."

हितू, ते एवढंच म्हणाले. मला वाईटसाईट काही बोलले नाहीत. उठून शिवणयंत्रापाशी गेले, खोळ काढली, घडी घालून कपाटात ठेवली आणि पुन्हा काजं करायला बसले. मी चहा केला तो घेतला नाही. संध्याकाळी निघताना पाया पडले तर हात डोक्यावर ठेवला नाही. दर रविवारी कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात, आज आले नाहीत. हे पत्र मी स्टेशनच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे, गाडीला अजून पाऊण तास आहे. आता मला ब्लॉक करणारे घरात दोघे झाले.

तू सांगितलंस ते मी केलं. उशिरा केलं, पण केलं. आता तू तुझा शब्द पाळ. येता बुधवार सोळा तारखेला आहे. माझ्यावरचा राग असाच राहू दे, हवा तर आणखी वाढव, पण तो पाठीवर घेऊन ताठ होऊन बसू नकोस. मी हात जोडते.

अक्का


शिरपूर
११ मे २०२५

अक्का,

मला पत्र लिहिता येत नाही. शाळेत तूच निबंध लिहून द्यायचीस. जमेल तसं लिहितो.

सोळा तारखेला गेलो. बादल सोबत होता. डॉक्टरांनी तुझा कागद सगळा वाचला. मग टेबलाच्या खणातून टेप काढली, आबांच्यासारखीच, पिवळी. छातीभोवती लावली आणि दम भरायला सांगितला. आता दोनच भरते. त्यांनी डोळ्यासाठी लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. थेंब चालू आहेत, डोळा बरा आहे. आणखी दोन आठवडे आलो नसतो तर नजर गेली असती, असं त्या डोळ्याच्या डॉक्टर बाई म्हणाल्या.

एमआरआय धुळ्यालाच केला. मशीनवर नवी मुलगी होती. मी तिला म्हटलं, छातीवर पट्टी टाकू नका. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, माझी बहीण हेच काम करते. आत झोपल्यावर ती माइकवरून म्हणाली, हळू श्वास घ्या. तेव्हा उठून पळून जावंसं वाटलं. पण पडून राहिलो.

छातीचा तो सांधा पांढरा आहे. मागे चार बरगड्यांचे, खाली कमरेचे दोन्ही. डॉक्टरांनी स्क्रीनवर मला दाखवलं. आपलं दुखणं डोळ्यांनी बघितलं की कसंतरी होतं. मी रडलो. दुखतं म्हणून नाही. ते खरंच तिथे होतं म्हणून. इतके दिवस मलाही कधी कधी वाटायचं की आबा म्हणतात तसा मी दम चोरतो की काय.

कमरेचा एक सांधा थोडा जुळला आहे. तो आता तसाच राहणार. छातीचा आणि बरगड्यांचा अजून जुळलेला नाही. गोळ्या चालू केल्यात, महिन्याभरात फरक नाही पडला तर इंजेक्शनं. व्यायाम लिहून दिलेत. डॉक्टर म्हणाले, अडीच वर्षं आधी यायला हवं होतं. मी म्हटलं, आलो होतो.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि कागदावर खोटं लिहायचं काम तुझं. ब्लॉकही काढलेला नाही. पण पत्र येऊ दे. नोकरीचं काय झालं ते लिही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. तेव्हा तू ये, पण मशीनवर बसू नकोस. बाहेरच्या बाकड्यावर बस.

आणखी एक सांगायचं राहिलं. परवा आबा आले होते. एकटे, पाचोऱ्याहून, तीन गाड्या बदलून. मी गेटवर होतो, ॲडमिशनची गर्दी होती. पालकांच्या रांगेत उभे राहिले आणि रांगेतूनच पुढे आले. मी म्हटलं, आबा, तुम्ही? ते माझ्या शर्टाकडे बघत होते. एजन्सीचा निळा शर्ट, खांद्यात मोठा आणि काखेत आखूड.

म्हणाले, "हाऊ शर्ट कोनी शिवा? काखमा घट्ट शे."

मी म्हटलं, तयार मिळतो. त्यांनी खिशातून टेप काढली. मी म्हटलं, इथे नको, लोक बघताहेत. ऐकलं नाहीत. बादलने रांग थोपवून धरली. त्यांनी माझे हात वर करायला लावले आणि टेप छातीभोवती आणली.  मी सवयीने दम भरायला लागलो. जेवढा भरता येईल तेवढा.

आबांनी टेप सैल केली.

"दम भरू नको," ते म्हणाले. "जसा शे तसा ऱ्हाय."

हितू